चित्रकाराच्या वहीतला आजार

दरवर्षी २९ जूनला जगभर स्क्लेरोडर्मा दिन पाळला जातो. या आजाराचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसते. ज्यांना तो होतो, त्यांनाही ते नाव पहिल्यांदा कळते तेव्हा अनेक महिने, कधी दोन-चार वर्षेही उलटून गेलेली असतात. या दिनासाठी २९ जून ही तारीख निवडण्यामागे कुठला शोध किंवा औषध नाही. १९४० साली याच तारखेला स्वित्झर्लंडमधील एका रुग्णालयात एका चित्रकाराचा मृत्यू झाला. त्यांचे नाव पॉल क्ले. विसाव्या शतकातील मोठ्या चित्रकारांत त्यांची गणना होते. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले आपले वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर क्ले यांचा प्रभाव होता, असे कलेचे अभ्यासक मानतात. क्ले यांची चित्रे त्याही आधी भारतात येऊन गेली होती. १९२२च्या डिसेंबरमध्ये कोलकात्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेतील कलावंतांचे प्रदर्शन भरले होते, त्यात ती होती.

क्ले यांना काय झाले होते, याची खूणगाठ त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी पटली. त्यांची जीवनकथा आज वाचायची ती एवढ्यासाठी, की हा आजार कसा लपत-छपत येतो हे तिच्यातून कळते, आणि आज आपल्या हाती काय-काय आहे याचीही जाणीव होते.

व्हायोलिन आणि कुंचला

पॉल क्ले यांचा जन्म १८ डिसेंबर १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहराजवळच्या एका गावात झाला. वडील हान्स क्ले जर्मन, पेशाने संगीतशिक्षक. आई इडा स्विस आणि गाणे शिकलेली. घरात संगीत असल्याने मुलाच्या हाती लवकरच व्हायोलिन आले. अकराव्या वर्षीच तो बर्नच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. मुलगा संगीतकारच होणार असे घरच्यांना वाटत होते, पण त्याने चित्रकला निवडली आणि शिकण्यासाठी म्युनिक गाठले. व्हायोलिन मात्र त्यांनी पुढेही सोडले नाही. क्ले डाव्या हाताने चित्र काढत आणि उजव्या हाताने लिहीत. ज्या माणसाचे सगळे आयुष्य दोन्ही हातांच्या बोटांवर उभे होते, त्याचेच नाव पुढे बोटे आखडणाऱ्या आजाराशी कायमचे जोडले गेले.

१९०६ साली त्यांनी पियानोवादक लिली स्टुम्फ यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा फेलिक्स जन्मला. चित्रे विकली जात नव्हती, त्यामुळे लिली पियानोच्या शिकवण्या घेत आणि त्यावर घर चाले. घरी राहून मुलाला सांभाळणे आणि स्वयंपाक करणे हे काम पॉल यांच्याकडे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपातही ही व्यवस्था लोकांना विचित्र वाटे. क्ले यांना मात्र स्वयंपाकाची मनापासून आवड होती. नव्या पाककृती ते करून पाहत आणि टिपूनही ठेवत.

त्यांना आणखी एक सवय होती, आणि आपल्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. १९११ साली त्यांनी एक नोंदवही सुरू केली. काढलेल्या प्रत्येक चित्राला क्रमांक द्यायचा आणि त्याचे नाव, वर्ष व साधन लिहून ठेवायचे. बालपणीची काही चित्रेही त्यांनी मागाहून त्यात चढवली. ही वही त्यांनी शेवटच्या वर्षापर्यंत सांभाळली. नऊ हजारांहून अधिक चित्रांचा हिशेब त्यामुळे आज उपलब्ध आहे. त्या वहीतले आकडे पुढे त्यांच्या आजाराचे केसपेपर ठरले.

रंग सापडले आणि मित्र गेले

१९१४च्या एप्रिलमध्ये क्ले दोन चित्रकार मित्रांसह उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियाला गेले. तिथल्या उन्हाने त्यांच्या चित्रांत रंग आणला. तोवर ते मुख्यतः रेषेचे चित्रकार होते. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. ट्युनिशियाच्या प्रवासातील सोबती ऑगुस्ट माके काही महिन्यांतच रणांगणावर मारले गेले. १९१६च्या मार्चमध्ये जिवलग मित्र फ्रान्झ मार्कही गेले आणि त्याच महिन्यात क्ले यांना जर्मन सैन्यात बोलावणे आले. त्यांना आघाडीवर जावे लागले नाही. विमानांना रंग देणे आणि पुढे हिशेबाच्या कचेरीत कारकुनी करणे अशी कामे त्यांच्या वाट्याला आली.

युद्धानंतर दिवस पालटले. १९२१ साली ते बाउहाउसमध्ये शिकवू लागले. चित्रकार, वास्तुकार, सुतार, विणकर अशा सगळ्यांना एका छताखाली आणणारी ही संस्था जगभर गाजली. तिथे क्ले यांनी सुमारे दहा वर्षे शिकवले. १९३१ साली ते ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक झाले. पन्नाशी उलटलेली, नाव झालेले, मुलगा मोठा झालेला. इथून पुढे आयुष्य निवांत जाईल असे वाटत होते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. क्ले यांच्या घराची झडती झाली. अकादमीतून त्यांना काढून टाकण्यात आले. डिसेंबरमध्ये पती-पत्नी जर्मनी सोडून बर्नला परतले आणि तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहू लागले. १९३७ साली नाझींनी ‘अधःपतित कला’ अशा नावाचे प्रदर्शन म्युनिकमध्ये भरवून आधुनिक चित्रकारांची टर उडवली. त्यात क्ले यांची चित्रे होती. जर्मनीतील सरकारी संग्रहालयांतून त्यांची शंभराहून अधिक चित्रे जप्त झाली.

साधा सर्दी-खोकला म्हणून सुरुवात

१९३५च्या शरद ऋतूत क्ले आजारी पडले. आधी तो सर्दी-खोकल्याचा प्रकार वाटला. मग छातीत कफ भरला, अंगावर पुरळ आले, तेव्हा गोवर झाला असावा असा तर्क झाला. न्यूमोनिया झाला. महिने गेले तरी थकवा जाईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, धूम्रपान बंद करायला लावले, हवापालटासाठी डोंगराळ भागात पाठवले. व्हायोलिन वाजवणे थांबले.

आता वहीकडे पाहा. १९३४ साली २१९ चित्रे. १९३५ साली १४८. आणि १९३६ साली, अख्ख्या वर्षात, फक्त २५. रोज उठून चित्र काढणाऱ्या माणसाने महिन्याला दोन चित्रे काढली, एवढ्या एका आकड्यावरून त्याच्या शरीराची अवस्था कळते.

हळूहळू इतर लक्षणे आली. चेहऱ्याची त्वचा ताणली गेली, हावभाव कमी झाले, चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागला. १९३९ सालच्या छायाचित्रांत हा बदल स्पष्ट दिसतो. अन्ननलिका आखडल्याने घास गिळता येईना. भाताचे शितही घशाखाली उतरत नसे, असे त्यांच्या घरच्यांनी सांगून ठेवले आहे. पातळ पदार्थांवर दिवस काढावे लागत. ज्यांना स्वयंपाकाची एवढी हौस, ते क्ले आता कोणासमोर जेवायला बसत नसत, एकटेच जेवत. पोटात रक्तस्राव झाला, रक्त कमी झाले. जिना किंवा चढण चढताना धाप लागे.

हे सगळे एकाच आजाराचे धागे आहेत, हे त्या काळी सहजी लक्षात येण्यासारखे नव्हते. कडक झालेल्या त्वचेचे वर्णन अठराव्या शतकापासून वैद्यकाला माहीत होते. स्क्लेरोडर्मा हे नावही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पडले होते. ग्रीक भाषेत स्क्लेरो म्हणजे कठीण आणि डर्मा म्हणजे त्वचा. पण तो त्वचेचा रोग समजला जाई. फुप्फुसे, अन्ननलिका, हृदय, मूत्रपिंड यांनाही तोच आजार ग्रासतो, म्हणजे हा साऱ्या शरीराचा आजार आहे, ही कल्पना वैद्यकात ठामपणे मांडली गेली ती १९४५ साली. क्ले यांना जाऊन तोवर पाच वर्षे झाली होती.

आजारातली भरती

१९३७पासून वहीतले आकडे पुन्हा चढू लागले. त्या वर्षी २६४ चित्रे झाली, १९३८ साली ४८९, आणि १९३९ साली तब्बल १,२५३. आयुष्यात कधी काढली नव्हती एवढी चित्रे त्यांनी मरणाच्या आदल्या वर्षी काढली. आजार बरा झाला नव्हता. वेळ थोडा आहे हे त्यांना उमगले होते, एवढेच.

चित्रांचे रूपही बदलले. पूर्वीच्या बारीक, नाजूक रेषांच्या जागी जाड काळ्या रेषा आल्या. आकार मोठे आणि मोजके झाले. तागाच्या कापडावर, वर्तमानपत्राच्या कागदावर ते रंगवू लागले. १९३८ साली वर्तमानपत्राचे कागद तागावर चिकटवून त्यांनी सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचे चित्र केले. कडू-गोड चवीच्या एका औषधी वनस्पतीचे नाव त्याला दिले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी देवदूतांची कितीतरी रेखाचित्रे काढली. हे देवदूत विसराळू आहेत, रडवेले आहेत, अजून चालायला शिकताहेत. पिकासो आणि ब्राक यांच्यासारखे थोर चित्रकार या काळात त्यांना बर्नला येऊन भेटून गेले.

या जाड रेषांमुळे एक समज रूढ झाला. क्ले यांची बोटे आखडली होती, बारीक काम जमत नव्हते, म्हणून त्यांनी जाड रेषा धरली, असे बरेच दिवस लिहिले गेले. ऐकायला ते पटते. मात्र थून शहराजवळचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. हान्स सुटर यांनी अनेक वर्षे खपून पत्रे, छायाचित्रे आणि घरच्यांच्या आठवणी तपासल्या आणि २००६ साली पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष वेगळा आहे. आजार स्क्लेरोडर्माच, तोही झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारचा असावा, पण हात बऱ्याच अंशी वाचले होते, असे त्यांना दिसले. शेवटपर्यंत क्ले यांच्या हस्ताक्षरात आणि रेषेत ताबा दिसतो, आणि वर्षाला हजारावर चित्रे काढणे आखडलेल्या बोटांना जमले नसते. काही डॉक्टरांचे मत अजूनही हातांना त्रास झाला होता असेच आहे. रोग्याची मूळ कागदपत्रे हाती नसल्याने हा वाद पूर्ण मिटणारा नाही. त्यातून आपण एवढे नक्की घ्यावे, की चित्र बघून निदान करता येत नाही. निदानासाठी हात बघावे लागतात.

शेवटचे सहा महिने

१९४०च्या फेब्रुवारीत झुरिचमध्ये क्ले यांच्या साठीनिमित्त नव्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. मे महिन्यात ते दक्षिण स्वित्झर्लंडमधील लोकार्नोजवळच्या आरोग्यधामात गेले. प्रकृती ढासळत गेली, तेव्हा जूनमध्ये जवळच्या मुराल्तो गावातील रुग्णालयात हलवले. २९ जूनच्या सकाळी त्यांचे निधन झाले. हृदय थकले होते. त्या वर्षीच्या पहिल्या काही महिन्यांत वहीत ३६६ चित्रे चढली होती. १९४० हे लीप वर्ष. वर्षाच्या जेवढ्या दिवसांना ते जगले नाहीत, तेवढ्यांसाठीही त्यांनी एकेक चित्र ठेवले, असा योग.

आणखी एक गोष्ट राहून गेली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मूनही वडिलांमुळे क्ले कायद्याने जर्मन नागरिक होते. स्विस नागरिकत्वासाठी त्यांनी अर्ज केला, चौकश्या झाल्या, आधुनिक चित्रे काढतो म्हणून संशयही घेतला गेला. निर्णय व्हायला काही दिवस उरले असताना त्यांचा मृत्यू झाला. आज त्याच बर्न शहरात त्यांच्या नावाचे मोठे संग्रहालय २००५पासून उभे आहे आणि त्यात त्यांची सुमारे चार हजार चित्रे आहेत.

स्क्लेरोडर्मा हा शब्द क्ले यांच्या आजारासाठी छापून आला तो १९५४ साली, त्यांच्या चरित्रात. मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

बोटांत काय होते?

आता आपल्याकडे येऊ. क्ले यांचे हात कदाचित वाचले असतील, पण बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार पहिली वर्दी हातांतूनच देतो. थंडीत किंवा गार पाण्यात हात घातला की बोटे एकदम पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. याला रेनॉ यांचे लक्षण म्हणतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. योगायोग असा, की त्यांचा मृत्यूही २९ जूनलाच झाला, १८८१ साली.

परभणीकरांना थंडीची ओळख करून द्यायला नको. कृषी विद्यापीठातल्या हवामान केंद्रावर हिवाळ्यात पारा एक आकडी होतो आणि काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. पहाटे गार पाण्याने भांडी-धुणी करणाऱ्या, दव असतानाच कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची बोटे बधिर होतात, यात नवल नाही. बोटे पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना स्क्लेरोडर्मा नसतोच. पण तिशीनंतर हा त्रास पहिल्यांदा सुरू झाला, सोबत बोटे सकाळी सुजल्यासारखी टम्म वाटू लागली, अंगठी निघेना, बोटांच्या टोकांवर बारीक जखमा होऊन भरेनात, छातीत जळजळ किंवा धाप सुरू झाली, तर थंडीवर सोडून देऊ नये. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच जास्त आढळतो. दगडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या पुरुषांमध्येही त्याचे प्रमाण वाढलेले दिसते, म्हणून खाणीवर किंवा खडी क्रशरवर काम करणाऱ्यांनी या लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे.

आत घडते ते असे. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच ऊतींवर उलटते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि बोटांच्या टोकांना रक्त कमी पोहोचते. त्याच वेळी त्वचेखालच्या पेशी कोलॅजन नावाचे तंतू गरजेपेक्षा जास्त बनवू लागतात. जखम भरून काढणारे काम थांबायचे नावच घेत नाही, असे म्हणा ना. त्वचा जाड, ताणलेली, चकचकीत होते. चिमटीत पकडता येत नाही. बोटे हळूहळू आत वाकतात. मूठ पूर्ण मिटत नाही आणि नमस्कारासाठी दोन्ही तळवे सपाट जुळत नाहीत. काहींच्या बोटांत खड्यासारखे चुन्याचे कण साठतात आणि कधी त्वचा फोडून बाहेर येतात.

वाकडी बोटे आणि जखमा पाहून गावात कुष्ठरोगाची शंका घेतली जाते. दोन्ही आजार अगदी वेगळे आहेत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्यात संवेदना जाते आणि तो औषधाने पूर्ण बरा होतो. स्क्लेरोडर्मा जंतूंमुळे होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि त्यात बोटांची संवेदना सहसा शाबूत असते. जखम चांगलीच दुखते. अशा बाईला वेगळे ताट-भांडे देण्याचे काहीही कारण नाही.

हातांसाठी आज काय करता येते?

आजार मुळापासून घालवणारे औषध अजून नाही. पण क्ले यांच्या काळी जे काहीच नव्हते, त्यातले बरेच आज आहे.

पहिले म्हणजे ऊब. नुसते हात नव्हे, सगळे अंग उबदार ठेवावे लागते. स्वेटर आणि कानटोपी घातली की बोटांकडे जाणारे रक्त वाढते. धुण्या-भांड्यांना कोमट पाणी घ्यावे, फ्रीजमधील वस्तू काढताना कापड धरावे. गारठलेली बोटे थेट चुलीवर किंवा शेकोटीवर धरू नयेत, भाजण्याचा धोका असतो. काखेत किंवा कोमट पाण्यात धरावीत. विडी, सिगारेट, तंबाखू आणि तंबाखूची मिश्री पूर्ण बंद करणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण निकोटिन त्याच बारीक रक्तवाहिन्या आणखी आवळते.

दुसरे म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे. निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची स्वस्त औषधे बोटांसाठीही वापरली जातात. त्यांनी भागले नाही तर सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल देतात. बोटाला मोठी जखम असेल, टोक काळे पडू लागले असेल, तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून आयलोप्रोस्टसारखे औषध देतात. वारंवार जखमा होणाऱ्यांना नव्या जखमा कमी व्हाव्यात म्हणून बोसेंटान देतात. बोट काळे पडणे ही तातडीची बाब आहे. तिथे एका दिवसाचाही उशीर बोटाच्या पेराला महाग पडतो.

तिसरे म्हणजे रोजचा व्यायाम, आणि त्याला पैसे पडत नाहीत. दिवसातून दोनदा हात कोमट पाण्यात बुडवून मग तळवे जुळवून हळूहळू दाबावेत, मूठ मिटावी-उघडावी, बोटे फाकवावीत, प्रत्येक पेर दुसऱ्या हाताने अलगद सरळ करावे. फिजिओथेरपिस्ट कोमट मेणात हात बुडवून मग व्यायाम करवतात. त्वचा मऊ पडल्याने बोटे जास्त हलतात. उघडी जखम असताना मात्र मेण वापरू नये. त्वचेला दिवसातून अनेकदा तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तोंड लहान होऊ नये म्हणून आ वासण्याचा, गाल फुगवण्याचाही व्यायाम असतो. व्यायाम त्वचा कडक होण्याआधी सुरू केला तर फायदा जास्त. एकदा घट्ट वाकलेले बोट केवळ व्यायामाने सरळ होत नाही. फार वाकलेले सांधे, चुन्याचे मोठे खडे किंवा न भरणारी जखम यांसाठी हाताच्या शस्त्रक्रियेचा पर्याय असतो, पण रक्तपुरवठा कमी असल्याने तो जपून वापरतात.

कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाचे टोक बोटाला लागते. निरोगी बोटाला ते ओरखडा देते, या बोटाला महिनाभर टिकणारी जखम. म्हणून जमेल तेव्हा सुती मोजे घालावेत, आणि जखम झालीच तर ती स्वच्छ धुऊन झाकून ठेवावी.

चौथे म्हणजे आतल्या अवयवांवर लक्ष. क्ले यांचा जीव बोटांनी घेतला नाही. फुप्फुसे, अन्ननलिका आणि हृदय हीच त्यांची दुखरी बाजू होती. त्यामुळे हातांचे निदान झाले की फुप्फुसांची क्षमता तपासणे, हृदयाची सोनोग्राफी, लघवी आणि रक्तदाब ही तपासणी वेळोवेळी करावी लागते. फुप्फुसे आणि त्वचा यांसाठी मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आहेत. मूत्रपिंडावर अचानक येणारा झटका पूर्वी जीवघेणाच असे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिलच्या जातीची औषधे आली आणि चित्र पालटले. इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. सांधेदुखीवर म्हणून नावगाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या मिळतात, त्यांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेले असते. या आजारात जास्त स्टिरॉइड पोटात गेले तर हाच मूत्रपिंडाचा झटका ओढवू शकतो. अचानक डोके ठणकू लागले, दिसायला अंधूक झाले, तर ताबडतोब रक्तदाब मोजून घ्यावा.

कुठे दाखवायचे?

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन किंवा त्वचारोग विभागात करावी. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गरज पडली तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी मिळते. या आजाराचे खास तज्ज्ञ म्हणजे संधिवाततज्ज्ञ. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहणे आणि एएनए ही रक्ततपासणी, यांवरून निदानाची दिशा लवकर कळते.

आणि एक वही ठेवावी. साधी, शंभर पानी. थंडीत बोटे किती वेळा पांढरी पडली, जखम कधी झाली आणि कधी भरली, रक्तदाब किती, वजन किती, जिना चढताना धाप लागली का, कुठली गोळी कधी सुरू झाली. सहा महिन्यांनी डॉक्टरांपुढे ती उघडली तर दहा मिनिटांच्या भेटीत अर्धे काम होते. क्ले यांच्या आजाराची मूळ कागदपत्रे आज कोणाकडे नाहीत. साठ-सत्तर वर्षांनी त्यांचा आजार समजून घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना पत्नीची पत्रे, काही छायाचित्रे आणि चित्रांचे क्रमांक लिहिलेली ती वही, एवढाच आधार उरला होता. आपल्या घरातल्या रुग्णाचे दुखणे मात्र आजच्या डॉक्टरांना आजच कळायला हवे.